आकाशदर्शनासाठी द्विनेत्री दुर्बीण: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं इंदूरच्या आकाशाला धरून आहेत. अक्षांश २२.७ उत्तर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर आणि अगस्ती दक्षिणेला जास्तीत जास्त साडेचौदा अंशांवर. बडोद्याला आकडे जवळपास हेच राहतील. ग्वाल्हेरकरांनी दक्षिणेकडच्या प्रत्येक उंचीतून साडेतीन अंश वजा करावेत.

पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

१०×५०, पोरो प्रिझमची. पोरो म्हणजे जुन्या चित्रांत दिसते तशी खांदे असलेली, जिच्या पुढच्या भिंगांमधलं अंतर डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त असतं. सरळ नळ्यांची रूफ प्रिझमची दुर्बीण आटोपशीर असते, पण तिची प्रिझम फार काटेकोर घडवावी लागतात आणि त्यांवर फेज कोटिंग नावाचा खास लेपही लागतो. त्यामुळे सारख्या किमतीत पोरोची प्रतिमा बहुतेक वेळा उजवी ठरते. हात थरथरत असतील किंवा तीच दुर्बीण पक्ष्यांसाठीही वापरायची असेल, तर ८×४२ घ्या. ५० मि.मी.च्या भिंगात ४२ च्या तुलनेत सुमारे ४० टक्के जास्त प्रकाश येतो, पण न थरथरणारी ८×४२ ही थरथरणाऱ्या १०×५० पेक्षा जास्त तारे दाखवते.

या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो: १०×५० मध्ये ५ मि.मी., ७×५० मध्ये ७.१, १५×७० मध्ये ४.७. ही चकती तुमच्या बाहुलीपेक्षा मोठी असेल तर जादाचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. तरुणपणी अंधारात बाहुली ७ मि.मी.पर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास थांबते. म्हणून ७×५० ही पन्नाशीच्या माणसाला निम्मी फुकट. शिवाय शहराच्या उजळ आकाशात ती पार्श्वभूमीही उजळ दाखवते. १०×५० मध्ये तेच आकाश गडद दिसतं आणि अंधूक तारे उठून येतात.

मग २० पट, ५० पट मोठं दाखवणारी का नको?

कारण ती ताऱ्यासोबत तुमच्या हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी करते. दहा पट ही हाताने धरायची वरची मर्यादा. १५×७० चं वजन सुमारे १.४ किलो आणि २०×८० चं दोन किलोंहून अधिक, त्यामुळे ट्रायपॉडशिवाय दोन्ही निरुपयोगी. पट वाढली की दृष्टिक्षेत्रही (एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) आकसतं आणि नवख्याला तारा सापडतच नाही.

खोक्यावर ‘५०×५०’ किंवा ‘१००×१८०’ असं छापलेलं असेल, तर भागाकार करून पाहा आणि भिंगावर पट्टी ठेवा. १८० मि.मी. म्हणजे १८ सेंटिमीटर व्यासाचं भिंग, तळहातात मावणाऱ्या दुर्बिणीत ते असूच शकत नाही. ‘८-२४×५०’ अशा झूम दुर्बिणीही टाळा. त्यांचं दृष्टिक्षेत्र अरुंद असतं आणि झूम फिरवताना दोन्ही बाजूंची पट नेमकी सारखी राहत नाही, मग डोकं दुखतं. लालभडक लेप असलेली भिंगं तर बिलकुल नकोत. जो लाल प्रकाश परावर्तित होताना दिसतो तो तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.

बीएके-४, फुली मल्टिकोटेड वगैरे शब्दांना किती महत्त्व द्यावं?

लेपाला बरंच. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो आणि दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. ‘कोटेड’ म्हणजे निदान एखाद्या पृष्ठभागावर एकपदरी लेप, ‘फुली कोटेड’ म्हणजे सगळ्यांवर एकपदरी, ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काहींवर अनेकपदरी, ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे सगळ्यांवर अनेकपदरी. शेवटचं मिळालं तर उत्तम.

बीएके-४ ही प्रिझमची काच स्वतः तपासता येते. दिवसा उजळ आकाशाकडे, सूर्यापासून दूर, दुर्बीण हातभर लांब धरा आणि नेत्रिकेतल्या प्रकाशाच्या चकत्या पाहा. गोल आणि कडेपर्यंत सारख्या उजळ असतील तर ठीक. चौकटीसारख्या कापलेल्या, कडांना करड्या दिसल्या, तर काच हलकी किंवा प्रिझम लहान आहे.

विकत घेताना आणखी काय तपासावं?

मागवून घेतली असेल तर हे सगळं परतीची मुदत संपण्याआधी करा.

खरा व्यास: स्वस्त दुर्बिणींत आतली कडी किंवा प्रिझम प्रकाश अडवतात आणि ‘५०’ प्रत्यक्षात ४२-४५ भरतात. फोकस दूरच्या वस्तूवर ठेवा, नेत्रिकेच्या मागे दीड फुटावर मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढच्या भिंगासमोर काही सेंटिमीटरवर पांढरा कागद. कागदावरचं प्रकाशाचं वर्तुळ पट्टीने मोजा. तोच खरा व्यास.

दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का: सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि हिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. दुर्बीण टेकवून दूरच्या पाण्याच्या टाकीकडे किंवा मोबाइल टॉवरकडे पाहा आणि डोळे नेत्रिकेपासून हळूहळू तीन-चार इंच मागे न्या. चित्र दुभंगलं तर नळ्या वाकड्या आहेत. रात्री याहून चोख परीक्षा होते: तेजस्वी ताऱ्यावर डावा डोळा नीट फोकस करा, उजव्या बाजूचं कडं फिरवून तिथला तारा फुगवून चकती करा. टोकदार तारा त्या चकतीच्या आत बसला पाहिजे. आडव्या फरकाशी डोळे थोडेफार जुळवून घेतात, उभ्या फरकाशी जवळजवळ नाहीच. म्हणून वर-खाली सरकलेली दुर्बीण पाच मिनिटांत डोळ्यांवर ताण आणते. खाली पडलेल्या दुर्बिणीचा हाच आजार असतो. नळ्यांवरच्या बारीक स्क्रूंनी प्रिझम सरकवून तो दुरुस्त होतो, पण ते जाणकार कारागिराचं काम आहे.

मधलं चाक फिरवताना नेत्रिकांचा पूल दाबून पाहा. अंगठ्याच्या दाबाने फोकस हलत असेल तर रात्रभर हलणार. जुनी दुर्बीण घेत असाल तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारून आत पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती दुर्बीण स्वस्तातही घेऊ नका.

चष्मा काढावा की ठेवावा?

फक्त जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर काढा, फोकसचं चाक तो भरून काढतं. सिलिंड्रिकल नंबर चाकाने जात नाही, तो एक-दीडपेक्षा जास्त असेल तर चष्मा ठेवूनच पाहावं लागतं, नाहीतर तारे रेघांसारखे ओढलेले दिसतात. अशा वेळी आय रिलीफ, म्हणजे नेत्रिकेपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण क्षेत्र दिसतं ते अंतर, निदान १६ मि.मी. हवं. निकॉन अ‍ॅक्युलॉन १०×५० मध्ये ते १२ च्या आसपास आहे आणि सेलेस्ट्रॉन स्कायमास्टर १५×७० मध्ये १८. चष्मेवाल्यांनी पडताळून घ्यावं असं हे एकच कलम निवडायचं तर हेच निवडा. रबरी कप दुमडायला किंवा खाली फिरवायला विसरू नका.

दोन्ही डोळ्यांना सारखं स्पष्ट दिसत नाही. काय चुकतंय?

बहुधा डायऑप्टर, म्हणजे उजव्या नेत्रिकेचा वेगळा फोकस, लावलेलाच नाही. आधी बिजागरीवर नळ्या उघड-मीट करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग उजव्या भिंगावर टोपण घाला, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी तारा टोकदार करा. आता टोपण डाव्या भिंगावर आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या नेत्रिकेचं कडं फिरवा. कड्यावरची खूण लक्षात ठेवा किंवा पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. यापुढे तुमच्यासाठी ते कडं तिथेच, बाकी सगळं मधल्या चाकाने. एक डोळा मिटून हे करू नका, मिटलेल्या डोळ्याच्या ताणाने उघड्याचाही फोकस बदलतो. घरात दुर्बीण अनेकांच्या हातात फिरते, म्हणून ठिपका प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा.

हात स्थिर कसा ठेवायचा? ट्रायपॉड लागतोच का?

आधी फुकटचे उपाय. हात नेत्रिकांपाशी नकोत, पुढच्या भिंगांजवळ न्या, कोपर छातीला टेकवा. गच्चीचा कठडा, दाराची चौकट, खुर्चीची पाठ, काहीही टेकायला चालेल. डोक्याच्या वरचं आकाश पाहताना उभं राहून मान मोडून घेऊ नका. बाज, आरामखुर्ची किंवा सतरंजीवर उताणं पडा, दुर्बिणीचं वजन भुवयांच्या हाडावर येऊ द्या. नोव्हेंबरच्या मध्यावर देवयानी दीर्घिका रात्री पावणेदहाच्या सुमारास सर्वांत उंच येते, तेव्हा ती ७१ अंशांवर असते. आडवं पडूनच ती नीट दिसते.

१०×५० सुद्धा ट्रायपॉडवर चढवली की फरक पाहून लोक चकित होतात: हातात न दिसलेले एक-दीड प्रत (तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद) अंधूक तारे उमटतात, गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे सुटे होतात. त्यासाठी हवा एल आकाराचा अ‍ॅडॅप्टर. बहुतेक मोठ्या दुर्बिणींत बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक टोपण असतं, ते उघडलं की आत पाव इंची आटे दिसतात. टोपण नसेल तर ट्रायपॉडवर बसणार नाही, हे घेण्याआधीच पाहावं. अ‍ॅडॅप्टर धातूचाच घ्या, प्लास्टिकचा १५×७० खाली लवतो आणि नुसता फोकस केला तरी चित्र डोलत राहतं.

ट्रायपॉडच्या पायांची पूर्ण उंची तुमच्या डोळ्यांपेक्षा जास्त हवी, कारण वर पाहताना नेत्रिका खाली येते. मधला दांडा वर ओढू नका, थरथर तिथूनच येते. खालच्या हुकाला दोन लिटर पाण्याची बाटली लटकवा. फोटोच्या ट्रायपॉडवर साधारण ६० अंशांच्या वर दुर्बीण वळवली की पायच मध्ये येतात. तिथून वरचं आकाश खुर्चीवरूनच पाहायचं, किंवा हौस वाढली तर समांतरभुज पद्धतीचा लाकडी आधार सुताराकडून करून घ्यायचा. आणि गच्चीवर कुणी चालत असेल तर स्लॅबसोबत चित्रही हलतं, तेवढा वेळ सगळ्यांना बसवा.

मुलांसाठी कोणती?

५० मि.मी.च्या बहुतेक दुर्बिणींच्या नेत्रिका ५६ मि.मी.पेक्षा जवळ येत नाहीत, लहान मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. म्हणून ६×३० किंवा ८×३०, आणि गळ्यातला पट्टा आखूड करून.

इंदूरच्या गच्चीवरून खरंच काही दिसतं का?

दिसतं, आणि पुष्कळ. शहरातून १०×५० मध्ये साधारण आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचे तारे मिळतात. त्यासाठी दोन अटी: रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात येता कामा नये आणि डोळ्यांना २०-३० मिनिटं अंधाराची सवय होऊ द्यायची. दुर्बीण आणून लगेच पाहणाऱ्याला अर्ध्यापेक्षा कमी दिसतं. मोबाइल एकदा पाहिला की घड्याळ पुन्हा शून्यावर. टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे चार-पाच थर लावा.

हिवाळ्यात कृत्तिकांपासून सुरुवात करा: नुसत्या डोळ्यांना सहा-सात, दुर्बिणीत कित्येक डझन, आणि सगळ्या एकाच क्षेत्रात मावतात. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ शहरातूनही धुरकट पिसासारखा दिसतो. व्याधाच्या चार अंश खाली एक छान खुला तारकागुच्छ आहे. पुष्य नक्षत्रातला धूसर डाग दुर्बिणीत फुटून ताऱ्यांची मूठ होतो. सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती तर दुर्बिणीशिवाय दिसतात, पण दुर्बिणीत त्यांच्यामधलं अंतर आणि बाजूचा फिकट तारा पाहण्यासारखा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात शर्मिष्ठा आणि ययातीच्या मध्ये शेजारी-शेजारी बसलेले दोन तारकागुच्छ शोधा. देवयानी दीर्घिका शहरातून केवळ अंडाकार धूसर ठिपका दिसते, बाहेर गेलात तर पसरट. थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवा: डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाशाला जास्त संवेदनशील असतो, तिरक्या नजरेने डाग मोठा होतो.

वृश्चिकाच्या नांगीजवळचे, मूळ नक्षत्रालगतचे दोन तारकागुच्छ आणि धनूतला तेजोमेघ हे एप्रिल-मेमध्ये पहाटे किंवा ऑक्टोबरात अंधार पडताच नैर्ऋत्येला. ऐन हंगाम जुलै-ऑगस्टचा, तो माळव्यात ढगांखालीच जातो.

आणि इथल्या अक्षांशाची खरी मिळकत म्हणजे नरतुरंगातला महाकाय गोलाकार तारकागुच्छ, ओमेगा सेंटॉरी. युरोपातल्या बहुतेकांना तो क्षितिजावर कधी येतच नाही. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, २० अंशांवर असतो. चित्रा तारा दक्षिणेला आला की त्याच्या सरळ खाली ३६ अंश उतरा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या साडेतीन मुठी. १०×५० मध्ये तो कापसाच्या गोल बोळ्यासारखा दिसतो, ताऱ्यासारखा कधीच नाही. दक्षिणेला दिव्यांची रांग असेल तर गच्चीवरून हट्ट करू नका.

शनीची कडी दिसतील?

नाही. त्यासाठी निदान २५ पट लागतात. १०×५० मध्ये शनी पिवळसर तारा, स्थिर १५×७० मध्ये किंचित लांबट. गुरूचे चार चंद्र मात्र दिसतात, आणि शुक्राची कोर तो पृथ्वीजवळ आलेला असताना. कोर पाहायची तर संध्याप्रकाशात, आकाश पुरतं काळं होण्याआधी. अंधारात शुक्र डोळे दिपवतो.

दृष्टिक्षेत्र किती आहे हे आकाशातच मोजता येईल?

हो. सप्तर्षीतले ध्रुवाकडे बोट दाखवणारे दोन तारे ५.४ अंश अंतरावर आहेत. १०×५० चं क्षेत्र साधारण ६.५ अंश, त्यात ते दोघे मावतात. १५×७० च्या ४.४ अंशांत मावत नाहीत. दुर्बिणीवर ‘१००० मीटरवर ११४ मीटर’ असं लिहिलेलं असेल तर १७.५ ने भागा, अंश मिळतील. कुठल्याही नकाशात तारा शोधताना हा आकडा हाताशी हवा: ‘मृगाच्या पट्ट्यापासून अडीच क्षेत्रं दक्षिणेला’ असं चालत गेलात की वाट चुकत नाही.

शहराबाहेर कुठे जावं?

दक्षिणेला. शहराचा उजेड पाठीमागे, उत्तरेला राहतो आणि पाहण्यासारखं बहुतेक सगळं दक्षिणेत असतं. महूच्या पुढे जानापावची टेकडी, उंची सुमारे ८५० मीटर: उत्तरेकडे पीथमपूरचा उजेड असतो, पण दक्षिणेला जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते आणि क्षितिज मोकळं मिळतं. चोरलच्या बाजूलाही आकाश गडद असतं. जंगलाच्या हद्दीत सूर्यास्तानंतर थांबायचं तर आधी परवानगी विचारा आणि एकट्याने जाऊ नका. तारीख अमावास्येच्या मागेपुढे चार दिवस. दिवाळीची अमावास्या सोडा, तो आठवडा धुराचा असतो.

गाडीत एसी लावून गेलात तर पोहोचण्याआधी पंधरा मिनिटं बंद करा. थंडगार दुर्बीण दमट हवेत काढली की भिंगांवर लगेच वाफ धरते.

दुर्बिणीतून सूर्य पाहता येईल?

पुढच्या दोन्ही भिंगांवर सूर्यासाठीच बनवलेले फिल्टर घट्ट बसवले असतील तरच. ग्रहणाचा कागदी चष्मा डोळ्यावर लावून दुर्बिणीतून पाहू नका: भिंगांनी एकवटलेला प्रकाश तो चष्मा क्षणात जाळतो आणि पुढच्या क्षणी डोळ्याचा पडदा. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांपैकी काहीच चालत नाही. फिल्टर दरवेळी उजेडासमोर धरून सुईएवढं भोक नाही ना ते बघा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टी लावा. मुलांच्या हाती दुर्बीण असेल तर सूर्य मावळल्यावरच.

पावसाळ्यात बुरशी कशी टाळायची?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दुर्बीण तिच्या चामडी किंवा रेक्झिनच्या पिशवीत ठेवू नका, पिशवी ओल धरून ठेवते. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, पाच ते दहा लिटरचा. त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी. ६० च्या वर जाऊ लागली की जेल बदला. ओलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या दाण्यांतला कोबाल्ट क्लोराइड विषारी असतो, म्हणून स्वयंपाकघरात तापवायचं तर नारिंगी दाण्यांचं जेल बरं. जेल भिंगाला लागू देऊ नका, कापडी पुरचुंडीत बांधा. लाकडी कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवलेली दुर्बीण एका पावसाळ्यात खराब होऊ शकते, कारण बुरशीचं आम्ल लेपच खातं आणि तो खड्डा पुसून जात नाही.

जानेवारीत उलटी अडचण, दव. काळ्या स्पंजच्या चादरीच्या नळ्या करून पुढे चढवा, लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट. घरी आल्यावर दुर्बीण बंद पिशवीतच तासभर राहू द्या, खोलीच्या तापमानाला आली की टोपणं काढून वाळवा, मग डब्यात.

भिंग कसं पुसायचं?

शक्यतो पुसूच नका. थोडी धूळ प्रतिमेत दिसत नाही, पुसण्याचे ओरखडे दिसतात. आधी रबरी ब्लोअर, मग उंटाच्या केसांचा मऊ ब्रश. पापण्यांचं तेल किंवा बोटाचा ठसा असेल तरच लेन्सच्या कागदावर भिंग साफ करायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून मध्यापासून बाहेर गोल फिरवत पुसा, कागद प्रत्येक फेरीला नवा. द्रव थेट भिंगावर टाकला तर कडेने आत झिरपतो. शर्टाचं टोक, ओढणी, कोलनवॉटर, काही नको. रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) दुर्बीण गळ्यात घालून जाऊ नका: गुलालाची बारीक पूड चाकाच्या ग्रीसमध्ये बसली की नळ्या उघडल्याशिवाय निघत नाही.

बरोबर आणखी काय घ्यावं?

लाल टॉर्च, रुंद पट्टा, धातूचा अ‍ॅडॅप्टर, सिलिका जेल. मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाशाच्या नकाशाचं अ‍ॅप, लाल पडद्यावर आणि उजेड अगदी कमी करून. प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या बॅटरीच्या दुर्बिणी अप्रतिम असतात, पण त्यांच्या किमतीत चांगली १०×५० आणि मजबूत ट्रायपॉड दोन्ही येतात. दुर्बिणीसोबत येणारे रंगीत फिल्टर आणि हिरवे लेसर घेऊ नका. लेसर दुसऱ्याच्या डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते, आणि विमानाकडे तो रोखणं धोक्याचं आहे.

१५×७० किंवा मोठी दुर्बीण कधी घ्यावी?

१०×५० ने नकाशाशिवाय किमान पंधरा-वीस गोष्टी सापडू लागल्या आणि ट्रायपॉड आधीच घरात असला की. उज्जैनची सवाई जयसिंगांची वेधशाळा तासाभराच्या वाटेवर आहे. तिथली यंत्रं दिवसा नीट पाहून घेतलीत तर उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) आणि क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) हे शब्द हाताला लागतात, मग नकाशा वाचणं सोपं जातं. १५×७० आली तरी १०×५० विकू नका. मोठी दुर्बीण चढवेपर्यंत आकाश शोधायचं काम तीच करते.